आकाशातला मृग आणि पंचांगातला मृग

(भोर तालुक्यातील हिर्डोशी येथे, मकरसंक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपण सारे शाली-घोंगड्या पांघरून बसला आहात आणि वरंध घाटाकडून येणारा वारा चांगलाच बोचतो आहे. तेव्हा पहिला प्रश्न थंडीचाच विचारतो. एवढी थंडी का पडली? मुलांपैकी बहुतेकांनी उत्तर दिले की, सूर्य लांब गेला म्हणून. मोठ्यांपैकी काहींनी माना डोलावल्या. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. दरवर्षी जानेवारीच्या ३ ते ५ तारखेच्या सुमारास पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. ते अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर भरते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती सर्वांत दूर, म्हणजे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर जाते. आज आपण जुलैपेक्षा ५० लाख किलोमीटरने सूर्याजवळ बसून कुडकुडत आहोत!

ऋतूंचे कारण अंतरात नाही, पृथ्वीच्या आसाच्या कलण्यात आहे. पृथ्वी सूर्याभोवती ज्या पातळीत फिरते, त्या पातळीशी तिचा आस सरळ उभा नाही. तो सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर एकाच दिशेला रोखलेला राहतो. त्यामुळे सहा महिने उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो आणि सहा महिने पाठ फिरवतो. हिवाळ्यात उन्हे तिरपी पडतात, तेवढीच उष्णता अधिक जमिनीवर पसरते आणि दिवसही लहान होतो. हिर्डोशीत डिसेंबरअखेरचा दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, जूनअखेरचा सव्वातेरा तासांचा.

हे माझ्या शब्दांवर विश्वास ठेवून मान्य करू नका. एक मीटर लांबीची सरळ काठी घ्या, अंगणातल्या सपाट जागी ओळंब्याने उभी रोवा आणि माध्यान्हीची सावली मोजा. २२ डिसेंबरच्या आसपास ती ८८ सेंटिमीटर भरेल. २१ मार्चच्या सुमारास ती ३३ सेंटिमीटरवर येईल. १२ मेच्या सुमारास ती नाहीशी होईल. काठी आहे, ऊन आहे आणि सावली मात्र काठीच्या पायाशी विरलेली आहे, असे दृश्य दिसेल. त्यानंतर २१ जूनला ती पुन्हा नऊ सेंटिमीटर होईल, पण या वेळी दक्षिणेकडे पडलेली असेल. आपला गाव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १८ अंशांवर आहे आणि सूर्य साडेतेवीस अंशांपर्यंत वर येतो, म्हणून तो वर्षातून दोनदा आपल्या अगदी डोक्यावरून जातो. दुसरा दिवस १ ऑगस्टच्या आसपासचा. मात्र त्या दिवशी इथे सूर्य दिसला तर मला अवश्य कळवा; सह्याद्रीच्या या माथ्यावर ऑगस्टमध्ये सावली आधीच नसते!

एक सूचना. माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे आणि आपण त्याच्या बऱ्याच पश्चिमेला आहोत. म्हणून मे महिन्यात सूर्य हिर्डोशीच्या माथ्यावर येतो तेव्हा साडेबारा वाजून गेलेले असतात.

या काठीला आपल्या ज्योतिर्गणितात 'शंकू' म्हणतात. जुने गणिती बारा अंगुळांचा शंकू घेत आणि दिवस-रात्र समान असलेल्या दिवशीची माध्यान्हीची सावली मोजत. तिला 'पलभा' हे नाव आहे. हिर्डोशीची पलभा चार अंगुळांना किंचित कमी भरते. एवढ्या एका आकड्यावरून गावाचे अक्षांश निघतात. ना दुर्बीण, ना यंत्र. आपल्या पूर्वजांचा अभिमान बाळगायचा असेल तर तो या काठीपासून सुरू करावा असे मला वाटते, कारण तिचा प्रत्यय आजही घेता येतो.

आता पृथ्वीच्या पहिल्या गतीकडे, परिवलनाकडे वळू. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावते. आपल्या अक्षांशावर हा वेग ताशी १,५९० किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे मी बोलायला उभा राहिल्यापासून आपण सर्व जण, ही शाळा आणि नीरा-देवघरचे पाणी, शेकडो किलोमीटर पुढे गेलो आहोत. जाणवत कसे नाही? एस.टी. सरळ रस्त्याने एका वेगाने चालली असेल तर डोळे मिटलेल्या प्रवाशाला गती कळत नाही. ब्रेक लागला की कळते. पृथ्वी ब्रेक लावत नाही.

हा विचार आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी लिहिलेल्या 'आर्यभटीय' ग्रंथात मांडला. नावेतून जाणाऱ्याला जसे काठावरचे स्थिर पदार्थ मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, असा त्याचा दृष्टांत आहे. त्याने ४३ लाख २० हजार वर्षांच्या महायुगात पृथ्वीच्या फेऱ्या किती, तेही दिले आहे: १,५८,२२,३७,५००. भागाकार केला की एका फेरीचा काळ २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंद येतो, आणि आजचे मोजमापही तेच सांगते. मात्र पुढचेही सांगितले पाहिजे. ब्रह्मगुप्तासारख्या थोर गणित्याने हे मत खोडून काढले आणि पुष्कळ टीकाकारांनी आर्यभटाच्या शब्दांचा अर्थ फिरवून पृथ्वी पुन्हा स्थिर केली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे आर्यभटाने म्हटल्याचेही स्पष्टपणे दिसत नाही. 'आमच्याकडे सगळेच आधी होते' असे सरसकट म्हणणारे लोक आर्यभटाचा गौरव करत नाहीत. त्याला एकट्याने काय सोसावे लागले ते झाकून टाकतात.

२३ तास ५६ मिनिटे हा आकडा ऐकून कोणी विचारेल की, मग उरलेली चार मिनिटे कुठे गेली? ती दुसऱ्या गतीत गेली. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर सूर्याभोवतीच्या वाटेवर जवळजवळ एक अंश पुढे सरकलेली असते. सूर्य पुन्हा समोर यायला तिला आणखी चार मिनिटे वळावे लागते. म्हणून प्रत्येक तारा रोज चार मिनिटे लवकर उगवतो, महिन्याला दोन तास. वर्षभरात सगळे आकाश आपल्या डोक्यावरून एकदा फिरून जाते.

पूर्वेकडे तीन ताऱ्यांची सरळ रेघ आणि भोवती चार ठळक ताऱ्यांचा चौकोन दिसतो, तो मृग. आजीबाईंनी लगेच विचारले की, मृग तर जूनमध्ये, मग आता जानेवारीत कसा? फार महत्त्वाचा प्रश्न आहे. मृग नक्षत्र 'लागते' म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात शिरतो. सूर्य जिथे असतो तो आकाशाचा भाग दिवसा वर असतो, त्यामुळे दिसत नाही. ७-८ जूनला शेतकरी ज्या मृगाची वाट पाहतो, तो त्या वेळी सूर्याच्या तेजात बुडालेला असतो. आज रात्री जो दिसतो तो सहा महिन्यांनी सूर्याच्या मुक्कामाची जागा आहे. आपल्या पंचांगातली सत्तावीस नक्षत्रे म्हणजे सूर्य-चंद्राच्या वाटेवरचे मैलाचे दगड आहेत.

ग्रहांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण शाळेच्या पुस्तकात ते आहेच. बुधापासून नेपच्यूनपर्यंत आठ ग्रह. २००६ पासून प्लूटोची गणना बटुग्रहांत होते. मात्र 'वक्री' या शब्दाबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही, कारण त्यापायी कितीतरी घरांत लग्ने अडतात आणि खर्च होतात. भोरहून निघालेल्या एस.टी.ने बैलगाडीला मागे टाकले की खिडकीतून ती गाडी क्षणभर मागे जाताना दिसते. बैल उलटे चालत नाहीत. पृथ्वी आतल्या वाटेने, अधिक वेगाने जाते आणि सुमारे सव्वीस महिन्यांनी एकदा मंगळाला गाठून मागे टाकते. त्या काही आठवड्यांत मंगळ ताऱ्यांमध्ये उलटा सरकताना दिसतो. बस्स, एवढेच.

आता तिसरी गती. माझे खरे बोलणे हिच्याविषयी आहे.

जोरात फिरणारा भोवरा वेग उतरू लागला की डुलतो, त्याचे टोक हवेत सावकाश वर्तुळ काढते. पृथ्वीचा आसही असाच डुलतो. पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ध्रुवापेक्षा २१ किलोमीटरने मोठी आहे. त्या फुगवट्यावर सूर्य-चंद्रांची ओढ पडते आणि आस डुलू लागतो. हे एक वर्तुळ पुरे व्हायला सुमारे २५,८०० वर्षे लागतात. आज आपला आस ज्या ताऱ्याजवळ रोखलेला आहे त्याला आपण ध्रुव म्हणतो. हिर्डोशीच्या उत्तर क्षितिजापासून तो अठरा अंशांवर, म्हणजे हात ताठ धरल्यास सुमारे दोन मुठी वर आहे; मध्ये डोंगर आला नाही तर दिसेल. सुमारे बारा हजार वर्षांनी ध्रुवाचा मान अभिजिताकडे जाईल. ध्रुवपदही ढळते!

या डुलण्याला आपण अयनचलन म्हणतो. त्याचा परिणाम असा की दिवस-रात्र समान होण्याचा बिंदू, म्हणजे संपात, ताऱ्यांमधून दर सुमारे ७२ वर्षांना एक अंश मागे सरकतो. ऋतू संपाताशी बांधलेले आहेत. आपले सण आणि शेतीची नक्षत्रे मात्र ताऱ्यांशी बांधलेली आहेत. दोन्ही वर्षांत फक्त वीस मिनिटांचा फरक आहे. माणसाच्या आयुष्यात तो जेमतेम एका दिवसाएवढा होतो, म्हणून लक्षात येत नाही.

इतिहासात मात्र स्पष्ट दिसतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. आज संक्रांत कधी १४ तर कधी १५ जानेवारीला येते. 'पानिपतावर संक्रांत कोसळली' असे आपण म्हणतो आणि १४ जानेवारी १७६१ ही तारीख पाहून अनेकांना वाटते की युद्ध संक्रांतीच्या दिवशी झाले. त्या वर्षी संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येऊन गेली होती. भाऊसाहेबांच्या उपाशी फौजेने तिळगूळ कुठला खाल्ला असणार, पण सण मागे पडला होता, हे खरे. शिवरायांच्या काळात, आजच्या कालगणनेने मोजल्यास, संक्रांत ९ जानेवारीच्या सुमारास येई. त्याच हिशेबाने, रायरेश्वराच्या या मुलखात तेव्हाचा मृग २-३ जूनला लागत असे. आणखी हजार वर्षांनी तो २१ जूनच्या पुढे जाईल.

पाऊस काही मृगाची वाट पाहत थांबणार नाही. पाऊस पडतो तो आसाच्या कलण्यामुळे, तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरचे वारे ओढले जातात म्हणून. ताऱ्यांचा त्याच्याशी संबंध नाही. रोहिणीत धूळवाफेवर भात पेरायचे, मृगावर पावसाची वाट पाहायची, ही ज्यांनी बसवून दिलेली घडी आहे, त्यांनी ती त्यांच्या काळचे आकाश आणि त्यांच्या काळचा पाऊस जुळवून बसवली होती. संक्रांतीलाही आपण 'उत्तरायण' म्हणतो. प्रत्यक्षात सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. ज्याला शंका असेल त्याने घरासमोरच्या डोंगरकडेवर रोज सूर्य कुठे उगवतो याची खूण करावी. वर्षभरात ती जागा डावी-उजवीकडे मिळून सुमारे पाच मुठी सरकते आणि दक्षिणेकडचे शेवटचे टोक डिसेंबरातच सापडते.

हे जुन्यांना ठाऊक नव्हते असे नाही. वेदांग ज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्राच्या प्रारंभी सांगितला आहे. आज त्या दिवशी सूर्य मूळ नक्षत्रात असतो. हे अंतर सुमारे सत्तेचाळीस अंशांचे आहे, म्हणजे तेहतीस-चौतीसशे वर्षांचे. ज्यांनी ते लिहिले त्यांनी आकाश पाहून लिहिले होते. लोकमान्य टिळकांचा १८९३ चा 'ओरायन' ग्रंथ याच तत्त्वावर उभा आहे. वेदांतील उल्लेखांवरून वसंतसंपात एकेकाळी मृगात होता, असे त्यांनी मांडले. त्यांच्या कालनिर्णयाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. आकाशाचा उपयोग घड्याळासारखा करण्याची त्यांची रीत मात्र आजही वाचण्यासारखी आहे.

याच रस्त्याने वरंध घाट उतरलात की महाड लागते, आणि पुढे कोकणात समुद्रकाठी मुरुडजवळ नांदगाव आहे. तिथे सोळाव्या शतकात केशव दैवज्ञ आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ राहत. केशवांनी स्वतः ग्रहांचे वेध घेतले आणि ग्रंथांवरून काढलेली ग्रहांची स्थाने आकाशाशी जुळत नाहीत, हे लिहून ठेवले. गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे १५२० साली 'ग्रहलाघव' हा ग्रंथ रचला आणि त्यात या दुरुस्त्या अंतर्भूत केल्या. गणित इतके सोपे केले की ज्या-कोटिज्यांची कोष्टकेही लागू नयेत. महाराष्ट्रात तीनशेहून अधिक वर्षे त्यावरून पंचांगे होत राहिली.

खेद वाटतो तो पुढच्या गोष्टीचा. गणेशांनी जे केले ते नंतरच्या पिढ्यांनी केले नाही. त्यांचे आकडे तेवढे वापरले. दोन-तीन शतकांत सूक्ष्म चुका साठत गेल्या आणि एकोणिसाव्या शतकात पंचांगातले ग्रहण आणि आकाशातले ग्रहण यांच्या वेळा जुळेनाशा झाल्या.

ही स्थिती बदलण्याचे काम मराठी माणसांनी केले, हे आपण विसरलो आहोत. पुण्याचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे, टिळकांचे गुरू, यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली आणि त्यांच्या गणितावर पटवर्धनी पंचांग निघू लागले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा १८९६ चा ग्रंथ या विषयावर आजही आधारभूत मानला जातो. त्यांना आयुष्य मात्र पंचेचाळीस वर्षांचेच लाभले. बागलकोटला राहून व्यंकटेश बापूजी केतकरांनी 'ज्योतिर्गणित' लिहिले. याच केतकरांनी १९११ साली एका फ्रेंच नियतकालिकात नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत असे गणित मांडले. एकाचे अंतर त्यांनी सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे ३९ पट काढले. १९३० साली प्लूटो सापडला, त्याचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट. प्लूटो इतका लहान आहे की त्याच्या ओढीवरून त्याचा माग काढणे शक्यच नव्हते, म्हणून हा योगायोग मानावा लागतो. बागलकोटचे एक शिक्षक ग्रहमालेच्या टोकाचे गणित मांडत होते, हे तरी आपल्या मुलांना ठाऊक असावे.

या मंडळींत वादही झडले. ताऱ्यांच्या वर्तुळाचा आरंभ कुठून धरायचा? छत्रे आणि टिळक यांनी रेवतीचा एक तारा धरला, केतकरांनी चित्रेच्या समोरचा बिंदू. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक. म्हणूनच टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत आजही संक्रांत १० जानेवारीला होते आणि कधी कधी अधिक महिना वेगळा आल्याने गणपतीही महिनाभर पुढे-मागे बसतात. शेजारच्या घरात हा प्रकार पाहून हसू नये. तो एका प्रामाणिक वादाचा अवशेष आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि 'केसरी'चे ज. स. करंदीकर तिचे सदस्य होते. समितीच्या अहवालावरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष संपाताशी, म्हणजे ऋतूंशी बांधलेले आहे. तिच्यात वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे आहेत. का, ते आरंभी सांगितलेल्या गोष्टीत आहे: त्या काळात पृथ्वी सूर्यापासून दूर असते आणि वाटेवर सावकाश चालते. इतकी शास्त्रशुद्ध दिनदर्शिका राजपत्रावर छापली जाते आणि घरात कोणी तिच्याकडे पाहत नाही. सण बदलावेत की नाही, हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. धर्माचार्यांनी आणि समाजाने एकत्र बसून ते ठरवावे. माझा आग्रह एवढाच की ठरवणाऱ्यांनी आधी वेध घ्यावेत. नांदगावच्या केशवांनी तेच केले होते, आणि त्यांच्या श्रद्धेबद्दल कोणी शंका घेतल्याचे माझ्या वाचनात नाही.

शाळेतल्या मुलांसाठी एक काम ठेवून जातो. एक मीटरची काठी, सुतळीचा ओळंबा आणि एक वही. दर रविवारी, सावली सर्वांत आखूड असताना तिची लांबी लिहायची. ढग असतील तर 'ढग' असे लिहायचे. तीही नोंदच आहे. पुढच्या संक्रांतीपर्यंत वही भरली की तुमच्या गावचे उत्तरायण तुम्हीच काढलेले असेल, आणि ते कोणत्या तारखेला येते ते मला पत्राने कळवायचे.

आता हे दिवे मालवा आणि बाहेर चला. बाहेर आल्यावर पाच मिनिटे कोणी बॅटरी लावू नका, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. मृगाच्या त्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवली की व्याध दिसेल. आजीबाईंना पुढे उभे करा, त्यांना आधी दाखवू.